मीटर मागे फिरवाल, इंजिन कसे फिरवाल?

जुन्या गाडीचा सौदा कसा होतो हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. गिऱ्हाईक येते, बॉनेट उघडून आत पाहते, टायरवरून हात फिरवते, पत्रा ठोकून पाहते आणि शेवटी ड्रायव्हरच्या दारातून आत वाकून मीटरवरचा आकडा वाचते. त्या एका आकड्यावर हजारो रुपये वर-खाली होतात. साठ हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि दीड लाख चाललेली गाडी, दोन्ही धुऊन-पुसून उभ्या केल्या तर सामान्य माणसाला सारख्याच दिसतात. फरक सांगणारे एक मीटरच. म्हणूनच मीटरला खोटे बोलायला लावण्याचा एक धंदा उभा राहिला आहे, आणि त्यात आमच्या वस्त्यांतलेही काही हुनरबाज हात गुंतले आहेत. हे आम्ही आडपडदा न ठेवता लिहीत आहोत. कोणाला राग आला तर जरूर यावा, पण लेख पुरा वाचून झाल्यावर.

लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर आहे तो मस्तगडचा परिसर. निजाम-उल-मुल्क आसफजाह यांच्या अमदानीत काबिल खानाने १७२५ साली बांधलेली ही गढी. कुंडलिकेच्या काठी वसलेले जालना व्यापारउदिमाने वाढले. 'जालना सोने का पालना' ही म्हण आजही म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी आहे. पुढे बियाण्यांनी आणि लोखंडाच्या भट्ट्यांनी या शहराचे नाव दूरवर नेले. पण मस्तगड असो की कादराबाद, आमच्या घराघरांत जी कमाई येते ती बहुतेक हातांच्या कामाची: वेल्डर, पेंटर, डेंटर, मोटार मिस्त्री, वायरमन, सीट शिवणारा, भंगार घेणारा, आणि एम.एच. २१ च्या जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री जुळवणारा दलाल. गाडीच्या मीटरशी या साऱ्यांचा कधी ना कधी संबंध येतो. मात्र मीटरच्या काचेमागे काय चालते हे नीट ठाऊक असणारे थोडे आहेत, आणि आमच्या मते सगळी गोम इथेच आहे. ज्याला मीटरचे काम येते त्याला मीटर मागे घेऊन पोट भरण्याची गरज उरत नाही.

आधी जुने मीटर घेऊ. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, जीप आणि १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेली मारुती ८००, या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींना ते पाठ आहे. गिअरबॉक्समधून एक लवचिक केबल निघते आणि डॅशबोर्डमागे मीटरला जोडली जाते. चाक फिरले की केबल फिरते आणि केबलच्या टोकाला मीटरमधला एक छोटा लोहचुंबक फिरतो. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते आणि वाटीलाच काटा बसवलेला असतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. मग काटा हलतो कसा? लोहचुंबक ॲल्युमिनियमला ओढत नाही हे शाळकरी पोरही सांगेल. पण चुंबक फिरू लागला की वाटीच्या पत्र्यात भोवऱ्यासारखी वीज फिरू लागते, त्या विजेचे स्वतःचे चुंबकत्व तयार होते आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढ घेते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि स्प्रिंग यांचा जिथे तोल बसतो तिथे काटा थांबतो. तोच गाडीचा वेग. ओट्टो शुल्झे नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०२ साली याचे पेटंट घेतले आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षे जगभरच्या गाड्या याच युक्तीवर चालल्या.

किलोमीटरचा आकडा याच केबलवर चाले. चुंबकाच्या दांड्यावरचा वर्म गिअर आकड्यांच्या चाकांना फिरवी. एक चाक पुरे फिरले की शेजारचे एक घर पुढे सरके. इथे विजेचा काही संबंध नव्हता. त्यामुळे दुरुस्तीही हाताची होती. काटा थरथरतो आणि केबल किरकिरते, म्हणजे केबल कोरडी पडली किंवा कुठे तरी फार वाकली. ग्रीस भरायचे, पण बेताने. जास्त भरले तर ते केबलीवरून चढत मीटरमध्ये शिरते, वाटीला चिकटते आणि काटा जागचा हलत नाही. आणखी एक गोष्ट हौशी गिऱ्हाइकांना सांगून ठेवावी. मीटरमधले गिअर ठरावीक मापाच्या टायरसाठी जुळवलेले असतात. मोठे टायर टाकले की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते. गाडी खरोखर जास्त धावते आणि मीटर कमी दाखवते. नव्या गाड्यांतही हेच होते.

पेट्रोल आणि पाण्याच्या काट्यांची गोष्ट निराळी. टाकीत एक फ्लोट असतो. तो वर-खाली झाला की तारेच्या गुंडाळीवरचा संपर्क सरकतो आणि विजेला होणारा अडथळा बदलतो. पाण्याच्या सेन्सरमध्ये असा पदार्थ असतो की जो तापला की त्याचा अडथळा कमी होतो. जुन्या बऱ्याच मीटरांत काट्यामागे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असे. तिच्याभोवतीची तार तापली की पट्टी वाके आणि काटा हले. म्हणून चावी फिरवल्यावर पेट्रोलचा काटा सावकाश वर चढायचा. या दोन्ही काट्यांना सारखा व्होल्टेज मिळावा म्हणून मागे एक छोटा स्टॅबिलायझर असे. पेट्रोल आणि पाणी, दोन्ही काटे एकाच दिवशी बिघडले तर टाकी उतरवू नका, सेन्सरही बदलू नका. आधी स्टॅबिलायझर आणि मीटरची अर्थिंग पाहा. हेडलाईट लावताच काटे हलत असतील तर अर्थिंग सैल आहे हे जवळजवळ नक्की समजावे. गिऱ्हाइकाची टाकी विनाकारण उतरवून त्याची मजुरी लावणारे आहेत. त्यांचे नाव बाजारात फार दिवस राहत नाही, एवढेच सांगतो.

दिवे हे ड्रायव्हरचे कान

काट्यांपेक्षा आम्हांला दिव्यांची जास्त काळजी वाटते, कारण सर्वांत घातक काम दिव्यांवर होते. गाडी विकायला काढली, ऑईलचा लाल दिवा विझत नाही. दलाल म्हणतो, बल्ब काढून टाका. बल्ब निघतो, सौदा होतो. हा दिवा लागतो कसा ते पाहिले म्हणजे या कामाचा अर्थ कळेल. इंजिनावर एक स्विच असतो. ऑईलचा दाब नसला की तो दिव्याला अर्थ देतो आणि दिवा पेटतो. दाब आला की अर्थ तुटतो आणि दिवा विझतो. चावी फिरवल्यावर दिवा लागला आणि इंजिन चालू होताच विझला, म्हणजे सारे ठीक. इंजिन चालू असताना तो लागला तर गाडी तिथेच बंद करायची असते, कारण दाबाशिवाय बेअरिंगला ऑईलचा थर मिळत नाही आणि धातूवर धातू घासू लागतो. थोड्या वेळात क्रँक धरतो आणि इंजिनाचे काम निघते. बल्ब काढणाऱ्याला दहा रुपयांचे काम वाटते; घेणाऱ्याला पुऱ्या इंजिनाचा खर्च येतो.

बॅटरीच्या दिव्यात तर आणखी एक खोच आहे. जुन्या पुष्कळ गाड्यांत हा दिवा नुसता इशारा देत नाही. अल्टरनेटरला वीज निर्माण करायला सुरुवातीला जो थोडा करंट लागतो तो याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला किंवा कोणी त्या जागी शोभेचा एलईडी बसवला की अल्टरनेटर चार्जिंग धरत नाही, आणि मिस्त्री मात्र चांगला अल्टरनेटर खोलून बसतो.

एअरबॅग आणि एबीएस यांचे दिवे चावी फिरवताच लागतात, गाडी स्वतःची तपासणी करते आणि काही सेकंदांत ते विझतात. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर एकदाही लागत नसेल, तर गाडी निरोगी आहे असे मुळीच समजू नये. दिवाच मारलेला असण्याची शक्यता आहे. अपघातात एअरबॅग फुटून गेलेली, नवी बसवायला पैसे नाहीत, मग दिवा बंद करून वरून कव्हर लावलेले. अशी गाडी घेणारा माणूस बायको-पोरांना पुढच्या सीटवर बसवून समृद्धी महामार्गावर नेतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला तेव्हापासून जालन्याच्या जवळून जाणाऱ्या या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात पुढचा टायर फुटला तर मारलेल्या दिव्याची किंमत कोण मोजणार?

रंगांचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावा. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गॅरेजपर्यंत सांभाळून जाता येते. तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही आणि कच्चे पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळत आहे, असे समजावे.

काचेमागचा संगणक

आता नवे मीटर. ज्यांच्या हातात अजून फक्त पाना आणि टेस्ट लॅम्प आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा.

आजच्या गाडीत मीटरपर्यंत केबल येतच नाही. चाकाजवळ किंवा गिअरबॉक्सवर सेन्सर असतो. तो चाकाच्या फेऱ्यांचे ठोके मोजतो आणि ते आकडे गाडीतल्या एखाद्या कंट्रोल युनिटकडे जातात. इंजिनाचे युनिट, ब्रेकचे युनिट, एअरबॅगचे युनिट आणि मीटर हे सारे दोन पिळलेल्या वायरींवर एकमेकांशी बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे आणली. पूर्वी प्रत्येक काट्याला आणि दिव्याला वेगळी वायर लागे. आता दोन वायरींवर सगळ्यांची बातमी येते आणि जो तो आपल्या कामाची उचलून घेतो. मीटरमध्ये एक छोटा संगणक असतो. तो ही बातमी वाचतो आणि काट्यामागच्या छोट्या स्टेपर मोटरला सांगतो की इतकी घरे पुढे जा. चावी फिरवल्यावर काही गाड्यांचे काटे एकदम टोकापर्यंत जाऊन परत येतात ते यासाठीच. मोटर आपला शून्य कुठे आहे ते तपासते. पाण्याचा काटा तर आता मुद्दाम खोटा ठेवतात. तापमान थोडे वर-खाली झाले तरी काटा मधोमधच राहावा अशी योजना संगणकात केलेली असते, म्हणजे गिऱ्हाईक उगाच घाबरत नाही. काटा मध्यापासून सरकला की उशीर झालेला असू शकतो, हे जुन्या गाडीतून नव्या गाडीवर आलेल्या ड्रायव्हरांच्या ध्यानात येत नाही.

वेगाचा काटाही थोडा जास्तच दाखवतो, आणि हा दोष नव्हे. युरोपचा नियम असा की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवले तर दहा टक्के आणि वर चार किलोमीटर एवढ्यापर्यंत चालते. मोबाईलवर ९५ आणि मीटरवर १०० दिसले म्हणून मीटर खोलायची गरज नाही. आमच्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत ८० च्या वर थांबून थांबून आणि १२० च्या वर सतत वाजणारी सूचना सक्तीची झाली. तिचा आवाज बंद करून द्या म्हणणारे गिऱ्हाईक रोज येत असेल. त्याला परत पाठवा.

अशा मीटरची दुरुस्ती करायला टेस्ट लॅम्प पुरत नाही, उलट नुकसान करतो. पण यातले काहीही आमच्या मुलांच्या आवाक्याबाहेर नाही. एक उदाहरण देतो. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. बॅटरीचे कनेक्शन काढायचे आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजायचे. ज्या गाड्यांत कॅनच्या वायरी थेट या सॉकेटला येतात तिथे सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत, कारण वायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० दिसले तर एक टोक तुटलेले. शून्याच्या जवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या. एकदम सगळे दिवे लागले, सगळे काटे पडले, गिऱ्हाईक घाबरून आले, की आधी हे पाच मिनिटांचे मोजमाप करावे. पुष्कळदा दोष मीटरमध्ये नसतो. तो उंदराने कुरतडलेल्या वायरीत असतो, पाणी शिरलेल्या जोडात असतो, नाही तर परवाच सायलेन्सरला वेल्डिंग मारताना बॅटरीचे कनेक्शन न काढल्यामुळे बोर्डावर गेलेल्या झटक्यात असतो. वेल्डर बांधवांनी ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

बोर्डावरचा तडकलेला झाळ नव्याने देणे, अडकलेली स्टेपर मोटर बदलणे, पडद्याची पट्टी बसवणे, मागचे दिवे बदलणे, ही कामे आमच्या मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोरांना सहज येतात. मोबाईलचा बोर्ड याहून नाजूक असतो. मोटार मिस्त्री आणि मोबाईलवाला यांची दुकाने एकाच गल्लीत असतात, पण काम मात्र एकमेकांकडे जात नाही, याचे आम्हांला नवल वाटते. नवे मीटर घ्यायचे म्हटले तर गिऱ्हाइकाला फार मोठी रक्कम मोजावी लागते. त्याच्या काही हिश्शात बोर्ड दुरुस्त होत असेल तर तो नाही कशाला म्हणेल?

चार पैशांची मजुरी, पुरा दोष

आता मूळ मुद्द्यावर येतो. किलोमीटरचा आकडा या नव्या मीटरांत एका छोट्या चिपमध्ये लिहिलेला असतो. तो बदलण्याची यंत्रे बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि मीटर मागे घेणे हे अर्ध्या तासाचे काम झाले. एक लाख चाळीस हजारांचे साठ हजार करून दिले की गाडीचा भाव चढतो. (उलटाही प्रकार आहे. किलोमीटरवर भाडे मिळणाऱ्या गाड्यांचे मीटर पुढेही नेले जाते. पाप तेच, दिशा वेगळी.)

यात कोणाचे काय जाते, असे विचारणारे भेटतात. जाते ते असे. गाडीची प्रत्येक चाकरी किलोमीटरवर ठरते. ज्या इंजिनांना टायमिंग बेल्ट असतो त्यांचा बेल्ट कंपनीने ठरवलेल्या किलोमीटरांवर बदलावाच लागतो. घेणारा मीटर पाहून म्हणतो, अजून पुष्कळ अवकाश आहे. खरे तर मुदत कधीच उलटलेली. एके दिवशी भर रस्त्यात बेल्ट तुटतो, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड खोलावे लागते. अशी गाडी घेणारा बहुधा श्रीमंत नसतो. श्रीमंत नवी घेतो. तो असतो आपल्यातलाच कोणी तरुण, ज्याने बहिणीचे दागिने गहाण ठेवून किंवा हप्त्यावर पैसे उचलून प्रवासी वाहतुकीसाठी गाडी घेतली. गाडी बंद पडली तरी हप्ता थांबत नाही.

धंद्याच्या नजरेने पाहिले तरी मिस्त्रीला यात काय मिळते? सौद्यातला फायदा दलाल घेतो. मिस्त्रीच्या हाती पडते ती मजुरी. आणि प्रकरण उघड झाले की पहिला प्रश्न येतो, मीटर कोणी खोलले होते? फसवणुकीचे हे कृत्य पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ४२० मध्ये बसे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली घेणारा जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. प्रकरण उघड होणेही आता सोपे झाले आहे. अनेक गाड्यांत किलोमीटरचा आकडा एकट्या मीटरमध्ये राहत नाही. दुसऱ्या एखाद्या युनिटमध्येही त्याची नोंद असते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जेव्हा जेव्हा गेली तेव्हाचे रीडिंग त्यांच्या संगणकात आहे. मीटरवर पंचवीस हजार आणि ब्रेकचे पेडल झिजून गुळगुळीत, हे डोळस गिऱ्हाईक पाहतेच. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१६ ची, किलोमीटर वीस हजार आणि टायर मात्र बदललेले, तर विचारायला हवे की पहिले टायर इतक्यात झिजले कसे.

'आम्ही नाही केले तर दुसरा करील' हा जबाब आम्ही ऐकला आहे. दुसरा करील तर करू द्या. तराजूत झुकते माप देऊ नये, मालाचा ऐब लपवू नये, हे आमच्या व्यापाऱ्याला लहानपणापासून शिकवले जाते. किराणा दुकानदार आपल्या वजनकाट्यावर वैध मापन खात्याचा शिक्का घेतो. रिक्षाच्या भाड्याच्या मीटरलाही तोच कायदा लागू आहे, आणि २००९ च्या त्या कायद्यानुसार वजन-मापे दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. मग लाखो रुपयांचा सौदा ज्या आकड्यावर होतो, त्या किलोमीटरच्या आकड्यावर सौद्याच्या वेळी कोणाचीच मोहोर का नसावी?

दुसऱ्या देशांनी याचा विचार फार पूर्वी केला. अमेरिकेने १९७२ सालीच कायदा करून मीटर मागे फिरवणे गुन्हा ठरवले. तिथला एक नियम आम्हांला विशेष भावतो. मीटर खरोखर बिघडले आणि दुरुस्तीनंतर जुना आकडा ठेवता आला नाही, तर ते शून्यावर आणायचे आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर चिठ्ठी लावायची: आधीचा आकडा इतका, दुरुस्तीची तारीख अमुक. बेल्जियमने तर २००६ पासून कार-पास नावाचा दाखला सुरू केला. गाडी गॅरेजमध्ये आली की गॅरेजवाल्याने तिचे रीडिंग कळवायचे, आणि जुनी गाडी विकताना त्या साऱ्या नोंदींचा दाखला घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. आमच्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नियम काढले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. विक्रेत्याला नोंदणी प्राधिकरणाकडून पाच वर्षांचा दाखला घ्यायचा आहे आणि त्याच्या ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची, त्यात किलोमीटरचीही, नोंद ठेवायची आहे. सुरुवात म्हणून ठीक. पण गाडी त्याच्या ताब्यात येण्याआधी मीटर फिरले असेल तर या वहीचा काय उपयोग? आणि गल्लीतला दलाल तर वही ठेवतच नाही. आमचे म्हणणे असे की प्रत्येक फिटनेस तपासणी, प्रत्येक विमा आणि प्रत्येक नावांतर यांच्या कागदावर मीटरचा आकडा लिहिला जावा आणि तो कोणालाही पाहता यावा. यासाठी नवे यंत्र नको. कागदावर एक रकाना वाढवला की झाले.

सरकार तो रकाना कधी वाढवील ते वाढवील. आमच्या मिस्त्री बांधवांना मात्र आजपासून एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. मीटर बदलण्याची खरी गरज पडतेच; बोर्ड जळतो, अपघातात काच-काटे फुटतात, भंगारातून दुसऱ्या गाडीचे मीटर आणून बसवावे लागते. जालन्यात भट्ट्यांसाठी भंगार येते तसे गाड्यांचे सुटे भागही फिरतात, हे सर्वांना माहीत आहे. अशा मीटरवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात आणि ते मूळ गाडीशी जुळवावे लागतात. हे काम चोरीचे नाही. उजेडात करावे म्हणजे झाले. जुने मीटर चालू असेल तर त्यावरच्या आकड्याचा फोटो घ्यावा. बंद असेल तर शेवटच्या सर्व्हिसच्या बिलावरचा आकडा मागावा. बिलबुकात गाडीचा नंबर, तारीख, काढलेल्या मीटरचा आकडा, बसवलेल्या मीटरचा आकडा आणि बदलण्याचे कारण लिहून मालकाची सही घ्यावी, एक प्रत त्याला द्यावी आणि एक आपल्याकडे ठेवावी. दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूने छोटे स्टिकर लावावे. सही द्यायला जो मालक कां-कूं करील त्याचे काम घेऊ नये.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनीही सौदापावतीवर एक ओळ वाढवावी: 'मीटरवरचा आकडा इतका, आमच्या माहितीप्रमाणे खरा आहे / खात्री नाही', यांतले जे लागू नसेल ते खोडायचे. 'खात्री नाही' लिहिल्याने दोन-पाच हजार कमी येतील. पण घेणाऱ्याला बेल्ट, ऑईल आणि ब्रेक आधीच बदलून घ्यावे लागतील हे कळेल, आणि तो ते काम करून घ्यायला कोणाकडे येईल हे सांगायला नको. मस्तगडच्या परिसरातल्या दहा-पंधरा गॅरेजवाल्यांनी आणि दलालांनी एकत्र बसून अशी पावती छापून घेतली तर छपाईचा खर्च प्रत्येकी शे-दोनशे रुपयांच्या वर जाणार नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकून आलेली पोरे आपल्या गल्लीत असतील तर या बैठकीला त्यांनाही बोलवावे. मल्टिमीटरने ६० ओहम कसे मोजायचे ते वडीलधाऱ्यांना तीच दाखवतील. पावतीचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी कार्यालयाच्या पत्त्यावर लिहावे, आम्ही तो याच पानावर छापू.